यंत्र अडले, तरी दुकान चालू

अंबड हे जुने गाव. तिथल्या टेकडीवर मत्स्योदरी देवीचे देऊळ आहे. नवरात्रात मोठी यात्रा भरते. लांबून माणसे येतात. नारळ, फुले, बांगड्या, चहा, फराळ, सगळ्यांचा धंदा होतो. छोट्या दुकानदाराला हे दिवस मोलाचे असतात.

आता दुकानाची रीत बदलली आहे. २०१६ साली यूपीआय सुरू झाले. गिऱ्हाईक मोबाइलने पैसे देते. काटा विजेवर चालतो. उधारीही पुष्कळ जण मोबाइलमध्ये लिहितात. सोय झाली, हे खरेच. पण पूर्वी एक वस्तू बिघडली, तर एकच काम अडत असे. आता एक मोबाइल बंद पडला, तर पैसे, हिशेब, उधारी आणि मालाची मागणी, सारे एकदम अडते.

समजा, ऐन गर्दीची वेळ आहे. एक बाई म्हणते, “भाऊ, माझे दोनशे रुपये गेले. हे बघा, मोबाइलात दिसतंय.”

दुकानदार म्हणतो, “मावशी, माझ्याकडं आले नाहीत.”

“मग मी काय खोटं बोलते का?”

दोघेही खरेच बोलत आहेत. चूक यंत्राची आहे. भांडण मात्र माणसांत लागते. दोनशे रुपये उद्या परत मिळतील. तुटलेला विश्वास परत मिळणे कठीण.

असे कधी घडते?

२६ फेब्रुवारी २०२४ रोजी अंबड तालुक्यात संचारबंदी लागली. त्या दिवशी जालना, बीड आणि छत्रपती संभाजीनगर या जिल्ह्यांत काही तास इंटरनेट बंद होते. १२ एप्रिल २०२५ रोजी इंटरनेट चालू होते, पण यूपीआयच अडखळले. देशभर लोकांचे पैसे अडले. १२ ऑक्टोबर २०२० रोजी तर मुंबईची वीज गेली आणि लोकल गाड्या जागच्या जागी थांबल्या.

१९ जुलै २०२४ रोजी जगभरचे लाखो संगणक एकाच वेळी बंद पडले. एका चुकीच्या दुरुस्तीमुळे हे झाले. तेव्हा आपल्या देशातल्या विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले पास दिले गेले. काही विमाने रद्द झाली, पण पुष्कळ उशिरा का होईना, उडाली. मोठ्या कंपनीला शेवटी कागद आणि पेन कामी आले. मग आपण ते जवळ का ठेवू नये?

तयारी कशी करावी?

पहिले काम, वही. मोबाइलमधली उधारी रोज रात्री वहीत उतरवा. नाव, तारीख, रक्कम आणि जमा, एवढे पुरे. मोबाइल हरवला आणि वही नसली, तर दुकानदाराची उधारी बुडते. गिऱ्हाइकाने फेडलेले पैसेही कोणाला आठवत नाहीत. म्हणजे नुकसान दोघांचे. आता आपल्याला लिहिता येते. ती विद्या इथे वापरा.

दुसरे काम, सुटे पैसे. दहाच्या, वीसच्या नोटा आणि नाणी एका पिशवीत वेगळी ठेवा. ही पिशवी अडचणीसाठी आहे. रोजच्या खर्चाला तिला हात लावू नका.

तिसरे काम, दुसरी वाट. घरात दोन मोबाइल असतील, तर दोन वेगळ्या कंपन्यांचे सिम घ्या. एकाचा टॉवर गेला, तर दुसरा कामी येतो. *९९# लावून इंटरनेटशिवायही पैसे पाठवता येतात. त्यासाठी मोबाइल नंबर बँकेत जोडलेला हवा. आपल्या बँकेत ही सोय आहे का, ते आजच विचारून ठेवा.

चौथे काम, विजेची सोय. बॅटरीचा दिवा आणि भरलेली पॉवर बँक हाताशी असू द्या. साधा तराजू आणि सरकारी शिक्क्याची वजने टाकून देऊ नका. वीज गेली की फ्रिज सारखा उघडू नका. दार बंद राहिले, तर माल सुमारे चार तास थंड राहतो.

पाचवे काम, नंबर कागदावर. बँकेचा, मोबाइल दुरुस्त करणाऱ्याचा आणि घरच्यांचा नंबर भिंतीवर लावा. विजेच्या तक्रारीसाठी १९१२ लिहा. मोबाइलवर *#०६# दाबले की त्याचा पंधरा आकडी क्रमांक दिसतो. तोही वहीत लिहा. मोबाइल चोरीला गेला, तर शेजाऱ्याच्या फोनवरून आधी सिम आणि बँकेचे खाते बंद करायला सांगा. मग पोलिसांत जा. तिथे हा क्रमांक लागतो.

पैसे अडकले तर?

भांडू नका, लिहा. गिऱ्हाइकाचे नाव, वेळ, रक्कम आणि त्याच्या मोबाइलवर दिसणारा व्यवहार क्रमांक वहीत टिपा. दुकानाला दिलेले पैसे कापले गेले पण पोचले नाहीत, तर ते पाच दिवसांत आपोआप परत यायला हवेत. उशीर झाला, तर दर दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते. हा रिझर्व्ह बँकेचा २०१९ चा नियम आहे. गिऱ्हाइकाला तो समजावून सांगा. पण नुसते चित्र पाहून माल देऊ नका. आपल्या खात्यात पैसे आले का, ते पाहा.

अडचणीच्या वेळी ठगही येतो. “मी बँकेतून बोलतोय. तुमचे अडकलेले पैसे सोडवतो. ओटीपी सांगा,” असे तो म्हणतो. ओटीपी कोणालाही सांगू नका. पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही. फसगत झालीच, तर वेळ न दवडता १९३० नंबर लावा. जितके लवकर कळवाल, तितकी पैसे वाचण्याची आशा जास्त.

महिन्यातून एकदा तासभर मोबाइल बाजूला ठेवा. वही, तराजू आणि सुट्या पैशांवर दुकान चालवून पाहा. काय कमी पडते, ते लगेच कळेल. मुलांना आणि घरधनिणीलाही शिकवा. एकट्याने केलेली तयारी अपुरीच. विहीर तहान लागण्यापूर्वी खणावी लागते.

विचार करा व लिहा

१. आपल्या दुकानात वीज लागणाऱ्या वस्तू कोणत्या?
२. आज मोबाइल हरवला, तर किती उधारी वहीत सापडेल?
३. १९१२ आणि १९३० हे नंबर कशासाठी आहेत?
४. पैसे अडकले, तर वहीत कोणत्या चार गोष्टी लिहाल?