मधुमेहात पायांना रक्त पोहोचतं का, हे कसं तपासायचं?

गेल्या महिन्यात विहारात शुगर तपासणी ठेवली होती, तेव्हा धुणीभांडी करणाऱ्या एक मावशी आल्या. मी विचारलं, "मावशी, पाय दुखतात का?" त्या म्हणाल्या, "आधी पोटऱ्या लई भरून यायच्या, सिस्टर. आता काहीच दुखत नाही, बरं झालं." त्यांना चप्पल काढायला लावली. अंगठ्याशेजारच्या बोटाचं टोक काळं पडलं होतं. मावशींना त्याचा पत्ताही नव्हता.

दुखणं थांबलं म्हणजे पाय सुधारला, असं शुगरवाल्या माणसाच्या बाबतीत धरून चालता येत नाही. आपण बोलताना सगळ्यालाच 'नस' म्हणतो आणि तिथेच घोळ होतो. पायात रक्त नेणाऱ्या धमन्या वेगळ्या आणि दुखणं मेंदूला कळवणारे मज्जातंतू वेगळे. मधुमेह दोघांनाही खराब करतो. धमनी आतून अरुंद झाली की चालताना पोटरीला रक्त कमी पडतं, पोटरी आवळल्यासारखी दुखते, थोडा वेळ थांबलं की दुखणं जातं आणि पुन्हा चाललं की पुन्हा येतं. आजार वाढला की रात्री पाऊल ठणकतं आणि पाय खाटेखाली सोडला की बरं वाटतं. ही रक्त कमी पडल्याची खूण. मुंग्या येणं, तळपायाची आग होणं हे बहुतेक वेळा मज्जातंतूंचं दुखणं. (बाबासाहेबांनाही मधुमेह होता, आणि पायातल्या अशा दुखण्याने ते हैराण असत.) पण मज्जातंतू बधिर झाले की रक्त कमी पडल्याचं दुखणंही कळेनासं होतं. म्हणून नुसतं विचारून भागत नाही, हात लावून बघावं लागतं.

माणसाला आडवं झोपवा. पाऊल गार असेल तर थोडा वेळ पांघरूण घाला. पायाचा अंगठा वर उचलायला सांगितला की पावलाच्या वरच्या बाजूला दोरीसारखी एक शीर ताठ होते. तिच्या करंगळीकडच्या बाजूला, पावलाच्या मध्यावर, दोन-तीन बोटं हलकेच ठेवा. तिथे ठोका लागतो. दुसरी जागा आतल्या घोट्याच्या मागे, घोटा आणि टाच यांच्यामधल्या खळग्यात. आपल्या हाताच्या अंगठ्याने तपासू नका, स्वतःचाच ठोका लागतो. जोरात दाबूही नका, ठोका दबून जातो. आधी घरातल्या धडधाकट पोराच्या पायावर हात बसवा. आम्हीही नर्सिंगला असताना एकमेकींच्या पायावरच शिकलो. पावलावरचा ठोका काही जणांना जन्मतःच लागत नाही, तेवढ्याने घाबरू नका. दोन्ही जागी लागला नाही, किंवा एका पायात लागतो आणि दुसऱ्यात नाही, तर मात्र डॉक्टरांना दाखवायचंच. आणि ठोका लागला म्हणून अडथळा नाहीच, अशीही खात्री नसते.

पुस्तकात लिहिलेलं असतं, पाय फिकट किंवा निळसर पडतो. आपल्या सावळ्या कातडीवर ते सहज दिसत नाही. तळपाय आणि नखांखालचा भाग उजेडात बघा, दोन्ही पाय शेजारी ठेवून. पाय मिनिटभर वर धरल्यावर तळवा पांढराफटक पडत असेल आणि खाली लोंबकळत सोडल्यावर गडद लाल होत असेल, तर रक्त कमी पोहोचतंय. एकच पाय गार, कातडी चकचकीत, जखम दोन आठवडे झाले तरी भरत नाही, याही खुणा आहेत.

दवाखान्यात घोट्याचा बीपी मोजतात आणि त्याला दंडाच्या बीपीने भागतात. त्याला एबीआय म्हणतात. दंडावर वरचा आकडा 140 आणि घोट्यावर 98 आला, तर एबीआय 0.7. आकडा 0.9 किंवा त्याहून कमी असेल, तर धमनीत अडथळा आहे.

इथे माझी एक चूक सांगते. मी नोकरीत असताना एका रिक्षावाल्या काकांचा घोट्याचा बीपी 210 आला, दंडाचा 140. म्हणजे 1.5. मी मनात म्हटलं, रक्त जोरात चाललंय, आणि 'चांगला' असं लिहून मोकळी झाले. काही महिन्यांनी त्यांचा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. जुन्या मधुमेहात, विशेषतः किडनी खराब असेल तर, धमनीच्या भिंतीत कॅल्शियम साचतं. ती कडक नळीसारखी होते, बीपीच्या पट्ट्याने दबतच नाही आणि आकडा खोटाच चढतो. 1.4 च्या वर आकडा आला तर तो चांगला नसतो, त्याचा भरवसा धरायचा नसतो. अगदी 1.0 आला तरी शुगरवाल्यात तो फसवा असू शकतो. अशा वेळी पायाच्या अंगठ्याला छोटा पट्टा लावून दाब मोजतात, कारण बोटांच्या बारीक धमन्या सहसा इतक्या कडक होत नाहीत. अंगठ्याचा दाब दंडाच्या 0.7 पटीपेक्षा कमी असेल तर अडथळा समजतात. पायाला जखम आहे आणि अंगठ्याचा दाब 30 च्या खाली आहे, तर रक्तवाहिन्यांच्या सर्जनकडे तातडीने जायला हवं. पट्ट्याची सोय नसेल तर पायांचा कलर डॉप्लर करायला सांगा. "सगळं नॉर्मल आहे" असं ऐकलं तरी "आकडा किती आला?" हे विचारायला लाजू नका.

रक्त कमी असलेल्या पायाला गरम पाण्याचा शेक देऊ नका. बधिर पाय भाजतो आणि कळतही नाही. कुरूप ब्लेडने कापू नका. सूज आली म्हणून ठोके न तपासता क्रेप बँडेज घट्ट बांधू नका, आधीच कमी असलेलं रक्त आणखी अडतं. आणि बिडी, तंबाखू, मिश्री. हो, मिश्रीसुद्धा, ती निव्वळ दात घासायची वस्तू नाही, तिच्यात तंबाखूच असतो.

बोट काळं पडलं, जखमेला वास यायला लागला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. पाय अचानक गार, फिका आणि बधिर झाला, तर सकाळची वाट पाहू नका, काही तासांत पाय जाऊ शकतो. जाताना रेशनकार्ड, आधारकार्ड आणि जुने कागद बरोबर घ्या. महात्मा फुले जन आरोग्य योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेले असतात. पायाचं कोणतं ऑपरेशन योजनेत बसतं, ते पैसे भरायच्या आधी त्यांना विचारा.

मावशींना आम्ही त्याच दुपारी रिक्षात घालून नेलं. डॉप्लर झाला आहे, गुडघ्याखाली अडथळा निघाला. बोट बहुधा जाईल, पाय वाचेल असं डॉक्टर म्हणतात.