कृत्रिम हिरा

कर्बाचा पाठ शिकविताना 'कोळसा जमिनीत दाबला गेला की त्याचा हिरा होतो' असे पुष्कळदा सांगितले जाते. शिक्षकांनी हे विधान टाळावे. दगडी कोळसा वनस्पतींपासून झाला. बहुतेक नैसर्गिक हिरे तर जमिनीवर वनस्पती येण्यापूर्वीच, सुमारे दीडशे किलोमीटर खोलीवर तयार झाले होते. दोहोंतील मुख्य द्रव्य कर्ब होय, एवढाच काय तो संबंध. १७९७ साली स्मिथसन टेनंट या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने हिरा जाळून, तो केवळ कर्बच असल्याचे सिद्ध केले.

मग भेद कशात? अणूंच्या रचनेत. मुलांच्या हातातील शिसपेन्सिल घ्यावी. (तिच्या नावात शिसे असले तरी आत ग्रॅफाईट व चिकणमातीच असते.) ग्रॅफाईटमध्ये कर्बाचे अणू थरांनी असतात. हे थर एकमेकांवरून सहज सरकतात, म्हणूनच कागदावर रेघ उमटते. हिऱ्यात मात्र प्रत्येक अणू चार शेजाऱ्यांशी सर्व बाजूंनी जखडलेला असतो.

ही रचना पालटण्याचे यत्न पुष्कळ झाले. फ्रान्समधील आंरी म्वासाँ यांनी १८९३ साली यशाचा दावा केला, पण तो इतरांना पडताळता आला नाही. १६ डिसेंबर १९५४ रोजी अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या प्रयोगशाळेत ट्रेसी हॉल यांना हिरे मिळाले. स्वीडनमध्ये १९५३ सालीच हे साधले होते. परंतु ते गुप्त ठेवण्यात आले.

कृती समजावण्यास खडीसाखरेचे उदाहरण उत्तम. साखरेच्या दाट पाकात दोरा सोडला की त्यावर खडे जमतात. येथे पाकाच्या जागी वितळलेले लोखंड, निकेल किंवा कोबाल्ट असते, साखरेच्या जागी ग्रॅफाईट, आणि दोऱ्याच्या जागी हिऱ्याची बारीक कणी. उष्णता सुमारे १४०० अंश सेंटिग्रेड. दाब हवेच्या दाबाच्या पन्नास हजार पटींहून अधिक, म्हणजे एक चौरस सेंटिमीटर जागेवर पन्नास टनांहून अधिक भार! ग्रॅफाईट धातूत विरघळते आणि किंचित थंड असलेल्या कणीवर हिरा होऊन जमते. दुसऱ्या रीतीत एवढा दाब लागत नाही. मिथेन व हायड्रोजन वायूंतून कर्बाचे अणू कणीवर थराथराने बसविले जातात.

'कृत्रिम' म्हणजे 'खोटा' असे मुलांनी समजू नये. खोटा असतो तो काचेचा खडा. हा रचनेने, कठीणपणाने खराच हिरा होय. गावात फरशी कापणारा कारागीर येतो, त्याच्या यंत्राच्या पात्याला हिऱ्याची जी कणी बसविलेली असते ती बहुधा अशा कारखान्यातलीच असते. ते पाते मुलांना अवश्य दाखवावे. यंत्र बंद असताना.