पंधरा मीटरांची वाट

हिमालयातील मोहिमांची वर्णने आपण आवडीने वाचतो. प्रस्तुत लेखात मात्र वाचकांना एका ठेंगण्या कड्यापाशी न्यावयाचे आहे.

इटलीच्या उत्तर भागात गार्डा नावाचे सरोवर आहे. त्याचे क्षेत्रफळ सुमारे ३७० चौरस किलोमीटर असून त्या देशातील ते सर्वांत मोठे सरोवर होय. उत्तर टोकाशी डोंगर पाण्याच्या इतके जवळ येतात की सरोवराला दोन्ही बाजूंनी चुनखडकाच्या भिंती घातल्यासारखे वाटते. तेथून सार्का नदीच्या काठाने थोडे वर गेले की आर्को हे गाव लागते. ऑलिव्हच्या बागा, टेकडीवर जुना किल्ला आणि भोवताली कडेच कडे. १९८७ सालापासून येथे ‘रॉक मास्टर’ ही प्रस्तरारोहणाची स्पर्धा भरू लागली आणि या गावाचे नाव जगभरच्या आरोहकांच्या तोंडी झाले.

अशा कड्यांवरील पंधरा मीटरांची एखादी वाट आपण अभ्यासासाठी घेऊ. उंची साधारण पाच मजली इमारतीएवढी. वाट प्रथम तयार करणाऱ्याने दगडात यंत्राने भोके पाडून पोलादी बोल्ट बसविलेले असतात आणि प्रत्येक बोल्टला एक कडी असते. चढणारा आपल्या कमरपट्ट्याला, म्हणजे हार्नेसला, दोर बांधून निघतो. वाटेत प्रत्येक कडीत क्विकड्रॉ अडकवितो आणि त्यातून आपला दोर ओवतो. क्विकड्रॉ म्हणजे मजबूत पट्टीने जोडलेले दोन कॅराबिनर. खाली उभा असलेला जोडीदार दोर सोडीत वा आवळीत राहतो. युरोपातील मानकाप्रमाणे अशा बोल्टने आडव्या ओढीला सुमारे अडीच टनांचा भार सोसला पाहिजे. दोरही ताणला जाणारा असतो, त्यामुळे पडणाऱ्यास एकदम हिसका बसत नाही. सामान असे भक्कम असताना माणसे जायबंदी होतात ती कोठे? बहुधा गाठीपाशी, पहिल्या काही मीटरांत आणि वाट संपल्यावर. म्हणून या तीन जागीच आपण थांबू.

पहिली गोष्ट गाठीची. आठाच्या आकड्यासारखी गाठ घालून तिचाच माग घेत दोर पुन्हा फिरवावयाचा, ही रीत दहा मिनिटांत शिकता येते. धोका गाठ न येण्यात नसून ती अर्धी राहण्यात आहे. आर्कोची स्पर्धा एकाहून अधिक वेळा जिंकणाऱ्या लिन हिल या अमेरिकन आरोहिकेचे उदाहरण प्रसिद्ध आहे. १९८९ च्या मे महिन्यात दक्षिण फ्रान्समधील ब्यूक्स येथे तिने दोर हार्नेसमधून ओवला, पण गाठ पुरी करण्यापूर्वी तिचे लक्ष दुसरीकडे गेले. अंगावरच्या जाकिटाखाली ती चूक झाकली गेली. वाट तिने सहज चढून पूर्ण केली आणि खाली येण्यासाठी दोरावर भार टाकला, तोच दोर सुटला. सुमारे २२ मीटरांवरून ती कोसळली. झाडाच्या फांद्यांनी वेग मोडला म्हणून जीव वाचला. ती त्या काळातील सर्वश्रेष्ठ आरोहकांपैकी एक होती आणि तिच्या दृष्टीने ती वाट सोपी होती, ही गोष्ट मला फार विचार करावयास लावते. तेव्हा गाठ घालीत असताना कोणाशी बोलू नये, आणि कोणी हाक मारलीच तर गाठ पुरी करूनच उत्तर द्यावे. त्यानंतर दोघांनी एकमेकांची गाठ, हार्नेसची बक्कले, दोर धरण्याचे साधन आणि त्याच्या कॅराबिनरचे कुलूप हात लावून पाहावे. हे पाहणे म्हणजे अविश्वास दाखविणे, असा गैरसमज नवशिक्यांत फार आढळतो.

आता पहिले काही मीटर. येथे थोडे गणित करावे लागेल. समजा, दुसरा बोल्ट चार मीटरांवर आहे आणि तिसरा सहा मीटरांवर. आरोहकाची कंबर पाच मीटरांवर पोहोचली आहे. घाईने तो डोक्यावरच्या तिसऱ्या बोल्टमध्ये दोर अडकविण्यासाठी हात लांबवितो. त्याकरिता दोर दुसऱ्या बोल्टपासून वर दोन मीटर आणि तेथून कमरेपर्यंत खाली एक मीटर, असा तीन मीटर मोकळा झाला. त्याच क्षणी पाय निसटला तर कंबर दुसऱ्या बोल्टच्या तीन मीटर खाली, म्हणजे जमिनीपासून अवघ्या एका मीटरवर येईल. दोराचा ताण धरला तर तो जमिनीवरच आपटला म्हणावयाचे. उलट, तो आणखी एक मीटर चढून बोल्ट कमरेशी आल्यावर दोर अडकवू लागला असता, तर मोकळा दोर दोनच मीटर राहिला असता. म्हणजे अधिक उंचावरून पडूनही तो जमिनीपासून अधिक दूर थांबतो. नवशिक्याला हे उलटे वाटते. कागदावर आकृती काढून पाहिल्यास पटते. आर्कोच्या आसपासच्या लोकप्रिय वाटांवर तर हजारो पायांनी घासून दगड काचेसारखा गुळगुळीत झाला आहे, म्हणून पाय निसटण्याची शक्यता सोप्या वाटेवरही धरूनच चालावे.

वाट संपते तेथे बहुधा दोन बोल्ट साखळीने जोडलेले असतात व एक बंद कडी असते. काहीजण दोर सोडून, कडीतून ओवून, पुन्हा बांधतात. त्यापेक्षा चांगली रीत अशी: प्रथम स्वतःला पट्टीने साखळीशी अडकवावे. मग दोराचा दुमडलेला पदर कडीतून ओढून घेऊन त्याला आठाची गाठ घालावी, ती कुलपाच्या कॅराबिनरने हार्नेसला जोडावी आणि त्यानंतरच मूळ गाठ सोडावी. अशाने आरोहक एक क्षणही दोराविना राहत नाही. पट्टी काढण्यापूर्वी दोरावर भार देऊन पाहणे अर्थातच आवश्यक.

येथे सरोवराचा संबंध येतो. गार्डावर दुपारी दक्षिणेकडून ‘ओरा’ नावाचा वारा वाहू लागतो. शिडाच्या नौका चालविणाऱ्यांना तो मोठा आवडतो, पण कड्यावर त्यात शब्द विरून जातात. वरचा म्हणतो, “धर”; खालच्याला ऐकू येते, “सोड”. आरोहक स्वतःच दोरावरून उतरणार आहे असे समजून जोडीदार दोर साधनातून काढून टाकतो. म्हणून उतरावयाचे कसे, हे जमिनीवर असतानाच ठरवावे, आणि आवाज ऐकू आला नाही तर जोडीदाराने दोर धरूनच ठेवावा.

दोराची लांबी हा शेवटचा मुद्दा. पंधरा मीटरांच्या वाटेला जाऊन-येऊन तीस मीटर दोर लागतो; शिवाय गाठींचा आणि जोडीदार उतारावर खाली उभा असल्यास तेवढा अधिक. दोर कमी पडला तर त्याचे मोकळे टोक साधनातून निसटते आणि वरचा माणूस तसाच खाली येतो. त्या टोकाला निघण्यापूर्वीच एक गाठ मारून ठेवली की हा अपघात टळतो.

आरोहक खाली पोहोचला की दोन्ही टोकांच्या गाठी सोडाव्यात, नाहीतर त्या वर कडीत अडकून बसतात. मग भोवतालच्यांना “दोर!” अशी आरोळी देऊन तो ओढावा. टोक कडीतून सुटताच चाबकासारखे खाली येते, तेव्हा दोन पावले मागे सरून उभे राहणे बरे.