लोण्याचे फळ : गुण आणि मर्यादा

गेल्या पावसाळ्यात आठवीतील एक विद्यार्थिनी तास संपल्यावर माझ्यापाशी आली. तिच्या वडिलांना नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेला होता. "सर, ॲव्होकॅडो खाल्ल्याने हृदय बरे होते म्हणतात. माझ्यापाशी साठवलेले थोडे पैसे आहेत. बाबांसाठी आणू का?" असे तिने विचारले. या प्रश्नाला केवळ 'हो' किंवा 'नाही' म्हणणे मला प्रशस्त वाटले नाही. मी तिच्याकडून दोन दिवसांची मुदत मागून घेतली. त्या निमित्ताने जे वाचले, ते विद्यार्थी मित्रांनो, येथे आपणांपुढे ठेवीत आहे.

हे फळ मूळचे मेक्सिको व मध्य अमेरिकेतील असून वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने ते आपल्या दालचिनीच्या कुळातले होय. कन्नड भाषेत त्याला 'बेण्णे हण्णु', म्हणजे लोण्याचे फळ, असे सार्थ नाव आहे. आज कोडगू, वायनाड व निलगिरी या डोंगराळ भागांत त्याची लागवड होते. आपल्या गोव्याचे काजू, अननस आणि पपई हीदेखील अमेरिकेतूनच आली. तेव्हा परदेशी म्हणून या फळाचा अव्हेर करण्याचे कारण नाही. आणि परदेशी म्हणूनच त्याची थोरवी मानण्याचेही नाही.

आता गुणांचा विचार करू. १०० ग्रॅम गरात सुमारे १६० उष्मांक, १५ ग्रॅम स्निग्धांश आणि ७ ग्रॅमच्या आसपास तंतू असतात. साखर एक ग्रॅमहून कमी असते. स्निग्धांशाचा सुमारे दोन-तृतीयांश भाग ऑलिव्ह तेलात आढळणाऱ्या ओलेइक आम्लाच्या जातीचा, म्हणजे हृदयास तुलनेने हितकर असतो. पोटॅशियम सुमारे ४८५ मिलिग्रॅम, म्हणजे तेवढ्याच केळ्यातील प्रमाणापेक्षा अधिक असते. शिवाय गाजर-टोमॅटोंतील रंगद्रव्ये शरीरात शोषली जाण्यास स्निग्धांशाची गरज असते. म्हणून कोशिंबिरीत या फळाच्या फोडी घातल्यास त्या भाज्यांचाही लाभ वाढतो.

अमेरिकेत १,१०,००० हून अधिक लोकांच्या सुमारे ३० वर्षांच्या निरीक्षणाचे निष्कर्ष २०२२ साली प्रसिद्ध झाले. आठवड्यातून निदान दोनदा अर्धे फळ खाणाऱ्यांत हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांचे प्रमाण १६ टक्क्यांनी कमी आढळले. परंतु येथे सावधपणे विचार केला पाहिजे. असे लोक इतर बाबतींतही आरोग्यास जपणारे असू शकतात. म्हणून हा केवळ फळाचाच प्रताप, असे सिद्ध होत नाही. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका प्रयोगात सुमारे १,००० लोकांपैकी निम्म्यांना सहा महिने रोज एक फळ देण्यात आले. त्यांच्या पोटातील चरबी घटली नाही. रक्तातील अपायकारक कोलेस्टेरॉल मात्र किंचित कमी झाले. तात्पर्य, हे उत्तम अन्न आहे, औषध नव्हे.

काहींनी तर हे फळ जपूनच खावे. मूत्रपिंडाच्या विकारात पोटॅशियम शरीरात साचण्याचे भय असते. रक्त पातळ ठेवण्यासाठी वारफरिन घेणाऱ्यांनी, यात 'के' जीवनसत्त्व असल्याने, आहारात एकाएकी बदल करू नये. रबराच्या चिकाची ॲलर्जी असलेल्या कित्येकांना हे फळही सोसत नाही.

आणि ज्याच्या घरी हे महाग फळ येऊ शकत नाही, त्याने काय करावे? मूठभर भुईमुगाच्या दाण्यांत त्याच ओलेइक आम्लाचा भरपूर साठा असतो, शिवाय प्रथिने कितीतरी अधिक. डाळी, पालेभाज्या आणि पेरू यांतून तंतूही मिळतात. आरोग्य हे श्रीमंतांच्या ताटापुरते मर्यादित नाही.

हे सारे मी त्या मुलीला सांगितले आणि आधी डॉक्टरांना विचारण्यास सुचविले. तिचे वडील रक्त पातळ करणारी गोळी घेत होते. "कधीमधी थोडे खाण्यास हरकत नाही, पण गोळी चुकवू नका, आणि चालणेही," असे डॉक्टरांनी बजावले. तिने एकच फळ आणले आणि घरातील चौघांनी ते वाटून खाल्ले. उरलेल्या पैशांतून तिने वडिलांना चालण्यासाठी वहाणा घेतल्या. मित्रांनो, ज्ञानाचा उपयोग याहून निराळा तो कोणता?