डेटाबेसमध्ये कोन : अंश की रेडियन?
साइन ३०° म्हणजे ०.५, हे मुलांना पाठ असतं. पण डेटाबेसच्या क्वेरीत साइन(३०) लिहून बघा, उत्तर येतं उणे ०.९८८! कारण संगणक ते ३० रेडियन समजतो.

१८० अंश = पाय (सुमारे ३.१४१६) रेडियन. म्हणून अंशांना पायने गुणून १८० ने भागायचं. हे काम ‘रेडियन्स’ फंक्शन करतं. उलट रूपांतर ‘डिग्रीज’ करतं. एसक्यूएल सर्व्हरमध्ये मात्र ३०.० असं लिहा. पूर्णांक दिला तर उत्तरही पूर्णांकच, म्हणजे ० मिळतं.

चूक झाली तरी संगणक तक्रार करत नाही. अक्षांश-रेखांशांवरून काढलेलं अंतर मग भलतंच येतं. म्हणून मुलांना आधी ३०° चं उत्तर ताडून बघायला सांगा.