हल्ला चालू असताना आधी काय वाचवायचं?

31 जुलै 2024 ला देशातल्या सुमारे 300 लहान बँकांच्या ग्राहकांचे यूपीआय व्यवहार अडकले. बँका बहुतेक सहकारी आणि ग्रामीण. त्यांना तांत्रिक सेवा पुरवणाऱ्या सी-एज टेक्नॉलॉजीजच्या यंत्रणेत रॅन्समवेअर, म्हणजे माहिती कुलूपबंद करून खंडणी मागणारा प्रोग्राम, शिरलं होतं. यूपीआय चालवणाऱ्या नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशननं त्या कंपनीची जोडणी तात्पुरती तोडली. 300 बँकांची गैरसोय पत्करून बाकी देशाचे व्यवहार चालू ठेवले, आणि तपासणी होताच दुसऱ्या दिवशी जोडणी पूर्ववत केली. पीकविमा आणि कापसाचे पैसे ज्यांच्या खात्यात येतात, त्या बीडकरांना खातं एक दिवस अडकणं म्हणजे काय, हे सांगायला नको.

कुठं तोडायचं आणि काय चालू ठेवायचं, याची तयारी आधीपासून करून ठेवणारी माणसं आज बँकांना, रुग्णालयांना, वीज कंपन्यांना हवी आहेत. तुमच्या मुला-मुलींनी सायबर सुरक्षेच्या या कामाचा विचार करावा, असं मला मनापासून वाटतं.

अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालयाएवढं मोठं रुग्णालय डोळ्यांसमोर आणा. यंत्रणा कोलमडायला लागली, हाताशी माणसं चारच. आधी रक्तपेढी सावरायची, अतिदक्षता विभाग की पगाराची बिलं? बॅकअप कुठला आणि तो खरंच परत उभा राहतो का? नोव्हेंबर 2022 मध्ये दिल्लीच्या एम्स रुग्णालयावर सायबर हल्ला झाला, तेव्हा अनेक दिवस कामकाज हातानं कागदावर करावं लागलं. सगळ्याच गोष्टींना सारखाच पहारा द्यायला पैसा कुणाकडेच नसतो. म्हणून आहे तो पहारा कुठं लावायचा, हा हिशोब या कामाचा गाभा आहे.

या हिशोबाचं गणितही आहे. मिलिंद तांबे या संगणकशास्त्रज्ञानं आपल्या सहकाऱ्यांसह 2007 मध्ये लॉस एंजेलिस विमानतळासाठी ‘आर्मर’ ही प्रणाली उभी केली. तपासणी नाके आणि श्वानपथकं मोजकीच होती. हल्लेखोर आधी पाळत ठेवतो हे धरून, महत्त्वाच्या जागांना झुकतं माप देत, पण अंदाज बांधता येणार नाही अशा रीतीनं ती पहारा वाटून द्यायची. हेच गणित पुढं संगणकांच्या जाळ्यांच्या संरक्षणाकडेही वळलं. संभाव्यता हा धडा बारावीत ‘ऑप्शनला’ टाकणाऱ्या मुलांनी हे लक्षात घ्यावं.

पालकांची भीती मला समजते. लातूर-पुण्याच्या क्लासची फी भरून घर आधीच वाकलेलं असतं. त्यात ‘तीन महिन्यांत एथिकल हॅकर’ अशा जाहिराती येतात. त्यावर एक रुपयाही घालवू नका. अंबाजोगाईच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात किंवा बीडच्या तंत्रनिकेतनात शिकणाऱ्या मुलानं आधी लिनक्स, नेटवर्किंग आणि डेटाबेस पक्के करावेत. एनपीटीईएलचे ऑनलाइन वर्ग ऐकायला फुकट आहेत, नेटवर्कवरची वाहतूक तपासणारं वायरशार्क फुकट आहे. दोन जुने संगणक जोडावेत, एक मुद्दाम पुसून टाकावा आणि बॅकअपवरून तो उभा करायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून पाहावं. मुलाखतीत हा अनुभव सांगता येतो. अभियांत्रिकी किंवा एमसीएनंतर सी-डॅक या सरकारी संस्थेचा ‘डिटिस’ हा संगणक यंत्रणा आणि सुरक्षेचा पदव्युत्तर डिप्लोमा आहे; त्यासाठी सी-कॅट ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते.

सुरुवातीची नोकरी बहुधा पुण्या-मुंबईत, पाळ्यांची, रात्री जागून स्क्रीनवरचे इशारे तपासण्याची असते. बीडमध्ये अशा जागा अजून फार थोड्या आहेत. मात्र डिसेंबर 2019 मध्ये रिझर्व्ह बँकेनं नागरी सहकारी बँकांना त्यांच्या डिजिटल पसाऱ्याप्रमाणे सायबर सुरक्षेचे टप्पे लावून दिले. त्यामुळे तालुक्याच्या बँकेलाही या विषयातल्या जाणकाराची गरज पडते.

आणि मुलांनो, सराव फक्त स्वतःच्या यंत्रांवर किंवा सरावासाठीच बनवलेल्या साइटवर करा. कॉलेजच्या सर्व्हरवर परवानगीशिवाय हात मारून पाहिला, तर माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 66 खाली तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.