भुकेचा अभ्यास करणाऱ्या भाचीस

चि. मृणाल,

पीएचडीसाठी तू मेंदूतल्या भुकेच्या पेशींचा विषय घेतलास, हे ताईकडून कळलं. फार आनंद झाला. पण वर्षभरात काहीतरी मोठं हाती लागावं अशी तुला घाई झाली आहे, असंही ती म्हणाली. म्हणून लिहितो आहे.

डग्लस कोलमन यांचे निबंध मुळातून वाच. अमेरिकेत मेन राज्यातल्या जॅक्सन प्रयोगशाळेत ते काम करत. तिथे जन्मजात लठ्ठ उंदरांचे दोन वाण होते. कोलमन दोन उंदीर कुशीशी शिवून त्यांचं रक्त एकमेकांत मिसळू देत. मधुमेही लठ्ठ उंदीर निरोगी उंदराला जोडला, तर निरोगी उंदीर खाणं सोडून उपाशी मेला. तोच मधुमेही उंदीर दुसऱ्या वाणाच्या लठ्ठ उंदराला जोडला, तर तो लठ्ठही तसाच गेला. यावरून कोलमननी ताडलं, की पहिल्याच्या रक्तात तृप्तीचा निरोप भरपूर आहे, पण त्याच्या मेंदूला तो कळत नाही. दुसऱ्याचा मेंदू शाबूत आहे, निरोपच तयार होत नाही. हे १९७३ पर्यंतचं काम. पदार्थ मात्र हाती नव्हता आणि लठ्ठपणा म्हणजे खादाडपणा मानणाऱ्यांना हे पटेना. १९९४ साली जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाने हा निरोप घडवणारं जनुक शोधलं, तेव्हा निरोप्या सापडला : चरबीतूनच स्रवणारं लेप्टिन. वीस वर्षांनी कोलमन यांचं अनुमान खरं ठरलं. प्रयोग इतके नेटके होते, म्हणूनच ते तोवर टिकलं.

तेव्हा तुझ्या उंदरांचं उरलेलं खाद्य रोज स्वतः तोल. औषध दिल्यावर उंदीर कमी खाऊ लागला की लगेच हुरळू नकोस. आजारी उंदीरही कमी खातो. जोडीला तेवढंच मोजून खाणारा, औषध न दिलेला उंदीर ठेव, मग फरक बघ.

आणि औषधाची भाषा जपून वापर. लेप्टिन सापडलं तेव्हा लठ्ठपणा आता संपलाच, असं अनेकांना वाटलं. ज्या मोजक्या मुलांच्या शरीरात ते जन्मतःच बनत नव्हतं, त्यांची अनावर भूक इंजेक्शनांनी खरोखर ताळ्यावर आली. केंब्रिजच्या सदफ फारुकी आणि स्टीफन ओ'राहिली यांचं ते काम मला फार मोलाचं वाटतं. पण बहुतेक लठ्ठ माणसांत लेप्टिन आधीच भरपूर असतं; वरून दिलेलं फारसं लागू पडत नाही.

वजन उतरलं की लेप्टिनही उतरतं. मेंदूतल्या हायपोथॅलॅमसमध्ये भूक चेतवणाऱ्या पेशी जाग्या होतात, तृप्तीच्या पेशी मंदावतात, शरीर ऊर्जा राखून वापरू लागतं. महिनोन्‌महिने पथ्य पाळणाऱ्या माणसाला रोज याच्याशी झगडावं लागतं. तुला हे आता इतरांपेक्षा नीट ठाऊक आहे. तेव्हा पुढच्या लग्नकार्यात पंगतीला कुणी एखाद्या मुलीला 'तोंडाला आवर घाल' म्हणालं, तर गप्प बसू नकोस. वडीलधारं माणूस असलं तरी बोल.

तुझा,
मामा